शंभरपैकी किती?

पस्तीस टक्के मार्क मिळवून सुटलेल्या मुलाला मी छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत एकदाही आळशी म्हटलं नाही. माझा स्वभाव मायाळू आहे म्हणून नव्हे. पस्तीस टक्के मिळवायला माणसाला किती मरावं लागतं हे मला माझ्या स्वतःच्या मार्कलिस्टावरून पाठ होतं म्हणून. असा मी, आयुष्यभर पोरांना शेकडेवारी शिकवलेला आणि लहानपणी त्याच शेकडेवारीनं पोळलेला माणूस. आणि याच मी एका बाईंना पस्तीस टक्क्यांच्या पुराव्यावर कामचुकार ठरवलं. नुसतं मनात ठरवलं असतं तर गोष्ट वेगळी. मी ते टाइप केलेल्या कागदावर ठरवलं आणि खाली माझी ती प्रसिद्ध लफ्फेदार सही ठोकली.

ती सही मला अजून डोळ्यांसमोर दिसते, म्हणून हे भांडण. भांडण त्या बाईंशी नाही, यंत्राशी तर नाहीच नाही. भांडण आहे ते पडद्यावरचा एक आकडा बघून 'इतके टक्केच!' असं म्हणणाऱ्या जमातीशी. मी स्वतः त्या जमातीत चांगला दीड महिना होतो, त्यामुळे शत्रूची मला आतून माहिती आहे.

आमचं पिंप्राळा म्हणजे जळगावच, असं जळगावकर म्हणतात. आम्ही तसं म्हणत नाही. जळगावचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो आणि आमचा आषाढीला, एवढी एक गोष्ट स्वतंत्र अस्तित्व सिद्ध करायला पुरेशी आहे. तर या पिंप्राळ्यात मी २०२० साली निवृत्त झालो. खानदेशात मास्तर निवृत्त झाला की त्याला दोन दुखणी लागतात : एक गुडघ्याचं आणि दुसरं पतसंस्थेचं. गुडघ्याचं मी तेल लावून थोपवलं. पतसंस्थेचं थोपलं नाही. मी संचालक झालो. पतसंस्थेचं नाव विचारू नका. अजून माझी ठेव तिथं आहे.

ही संस्था महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठेवीदारांना व्याज देते. ठेवीदार म्हणजे बहुतेक माझ्यासारखेच, ज्यांचा वेळ जात नाही आणि तरी ज्यांना घाई असते असे. २०२२ च्या दिवाळीआधीच्या महिन्यात दोन नंबरच्या काउंटरची लाईन पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली. एका म्हाताऱ्या आजींना उन्हात चक्कर आली. कोणीतरी त्यांना गूळपाणी दिलं, कोणीतरी चेअरमनना शिव्या दिल्या, आणि संध्याकाळी तातडीची सभा भरली.

काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "साहेब, मी नाव टाकते आणि चाकरी फिरत बसते. मी काय करू?" चाकरी म्हणजे नोकरी नव्हे, पडद्यावर गोल फिरणारं ते चाक.

चेअरमन हा माणूस कापसाच्या व्यापारातला. त्याला डोळ्यांनी दिसल्याशिवाय काही पटत नाही. त्यांनी माझ्या पुतण्याला, म्हणजे संस्थेच्या कॉम्प्युटरवाल्याला, सर्व्हरचा मीटर दाखवायला लावला. पडद्यावर हिरव्या डोंगररांगा होत्या आणि वर आकडा होता : सीपीयू पस्तीस टक्के.

"मास्तर, पाहा हे," चेअरमन मला म्हणाले. "पस्तीस टक्के चालून राहिलं मशीन. पासष्ट टक्के झोपून राहिलं. मग लाईन कशी काय लागून राहिली भो?"

मी गणिताचा मास्तर. शंभरातून पस्तीस वजा केले. पासष्टच आले. यंत्र रिकामं, म्हणजे दोष माणसाचा, हा सिद्धांत मी तिथल्या तिथं मांडून दाखवला, आणि तो सिद्ध केल्याच्या आनंदात मेमोवर सहीसुद्धा केली. 'कामातील दिरंगाईबाबत सात दिवसांत खुलासा करावा.' पुतण्या काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मी त्याला, काका या नात्यानं, गप्प बसवलं.

आता हे यंत्र काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. मला ते कळायला एक महिना आणि पुतण्याची बरीच झोप खर्ची पडली; तुम्हांला फुकटात मिळतंय.

संस्थेत सर्व्हर नावाचं खरं यंत्र एकच होतं. त्याच्या पोटात आठ कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम ओढणारे आठ बैल समजा. पण पुण्याहून आलेल्या एका सल्लागारानं त्या एका यंत्रात सात यंत्रं वसवली होती. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. सरकारी मराठीत 'आभासी यंत्र' म्हणतात, पण ज्याचा पगार त्याच्यावर निघतो त्याला ते फार आभासी वाटत नाही. एक यंत्र खातेवहीचं, एक ऑडिटच्या रिपोर्टांचं, एक बॅकअपचं, एक मेलचं, एक एसएमएसचं, एक कॅमेऱ्यांचं आणि एक नुसतं चाचणीसाठी. यांतल्या प्रत्येकाला असं वाटतं की घर आपल्या एकट्याच्या मालकीचं आहे. प्रत्येकाला कागदोपत्री प्रोसेसर वाटून दिलेले असतात. त्यांना व्हर्च्युअल सीपीयू म्हणायचं. खातेवहीला चार, रिपोर्टाला आठ, बॅकअपला चार, मेलला चार, एसएमएसला दोन, कॅमेऱ्याला चार, चाचणीला चार. बेरीज करा. तीस. बैल आठ.

यात गैर काही नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या कोणी उठून सगळी यंत्रं सुटी करायला लागेल. वाटून घेणं ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फडाची पद्धत शेकडो वर्षं चालत आली. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाचं पाणी पाळीपाळीनं फडाफडांना सोडायला एक पाटकरी. शेतं पुष्कळ, पाणी एक. पाटकरी शहाणा असेल तर कोणाचं पीक वाळत नाही, कारण सगळ्यांना एकाच क्षणी पाणी लागत नसतं. संगणकात या पाटकऱ्याला हायपरव्हायजर म्हणतात. ही कल्पनाही नवी नाही. आयबीएम कंपनीनं मोठ्या यंत्रावर अनेक यंत्रांचं सोंग आणणारी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ साली बाजारात आणली. त्या बहात्तर साली मी दहा वर्षांचा होतो आणि रेशनच्या दुकानापुढे लाल मिलोसाठी पिशवी घेऊन उभा असायचो. एका पोत्यात किती घरं जगवायची ही विद्या त्या वर्षी अमेरिकेत आणि महाराष्ट्रात एकाच वेळी शिकली गेली, फक्त त्यांनी तिची जाहिरात केली. पुढे १९९८ साली व्हीएमवेअर नावाची कंपनी निघाली आणि तीच करामत पतसंस्थेला परवडेल अशा लहान यंत्रांवर येऊन बसली.

तर मीटर. चेअरमननी पाहिलेला मीटर हा पाटकऱ्याचा नव्हता. तो एका शेतकऱ्याच्या घरातला होता. खातेवहीच्या यंत्राच्या आत बसून पाहिलेला. या शेतकऱ्याला चार वाफे दिलेले. पैकी त्यांचं सॉफ्टवेअर इतक्या जुन्या वळणाचं, की व्याजाचा सगळा हिशेब एकाच वाफ्यात करायचं. एक वाफा पाण्यासाठी चिरफाळलेला, बाकीचे तीन जवळजवळ पडीक. एकाचे शंभर, बाकी तिघांचे मिळून चाळीस, भागिले चार : पस्तीस. सरासरी पस्तीस! वर्गात एक पोरगं रात्रंदिवस घोकून घोकून तापानं फणफणलंय आणि तीन पोरं गोट्या खेळतायत, तर हेडमास्तरांनी रिपोर्टात लिहायचं, 'वर्ग एकंदरीत निवांत आहे.' ही सरासरी मी सहीनिशी मान्य केली. मी! सरासरीचे धडे दिलेला मी!

मेमोनं लाईन हटली नाही. तेव्हा सल्लागाराला फोन झाला. त्यानं पुण्यातूनच निदान केलं : सीपीयू कमी पडतायत, चाराचे आठ करा. पुतण्या म्हणाला, थांबा. पुतण्याला कोण विचारतो? पुण्याहून आलेला सल्ला हा लग्नातल्या आहेरासारखा असतो. नको म्हणता येत नाही. चाराचे आठ झाले. दुसऱ्या दिवशी मीटर पाहिला तर आकडा पस्तिसावरून वीसवर! चेअरमननी पेढे मागवले. "पाहा, लोड उतरून गेला."

आणि लाईन पानाच्या टपरीपर्यंत गेली.

इथं माझ्यातला मास्तर पहिल्यांदा जागा झाला. वीस का आले? भाजक चाराचा आठ केला म्हणून. भाज्य जवळपास तितकंच. एका पोळीचे चार तुकडे करा नाहीतर आठ करा, तुकडा लहान झाला म्हणून पोळी पचली असं होत नाही. पण मग लाईन वाढली कशी? नुसत्या भागाकारानं लाईन वाढत नाही. हे मात्र मला येत नव्हतं, आणि माझ्या आयुष्यातली ती दुर्मिळ घटना घडली : मी पुतण्याला म्हणालो, "बाबा रे, तू सांग."

त्या रात्री तो मला संस्थेत घेऊन गेला आणि त्यानं घरातला मीटर मिटवून पाटकऱ्याची वही उघडली. त्यात एक रकाना होता, 'रेडी' नावाचा. हा शब्द ज्यानं शोधला त्याला माझा कोपरापासून नमस्कार. कारण दुसऱ्या दिवशी पुतण्यानं "रेडी वाढलंय" असं सांगितल्यावर चेअरमन म्हणाले, "रेडी आहे ना? मग चांगलंच की! अनरेडी असतं तर भीती होती." त्यांचं काय चुकलं?

रेडी म्हणजे काय ते पिंप्राळ्याच्या माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. आम्ही उभी हयात रेल्वेगेटवर काढली आहे. उड्डाणपूल होण्याआधी आमच्या आणि जळगावच्या मध्ये रूळ होते, रुळांवर गेट होतं आणि गेट बहुधा लागलेलं असायचं. मी शाळेत जायला निघायचो. अंघोळ झालेली, डबा घेतलेला, स्कूटरला किक मारलेली, गिअर टाकायला पाय टेकलेला. आणि समोर गेट बंद. एक एक्स्प्रेस जायची. गेट उघडेल म्हणून सगळे इंजिनं सुरू करायचे, तर उलट्या बाजूनं मालगाडी. तिचे डबे मोजून संपायच्या आत शाळेची प्रार्थना संपायची. या अवस्थेत मी काय होतो? आळशी? नाही. डबा व्हायचा होता? नाही, ती वेगळी वाट पाहणं, ती घरातली. मी पूर्ण तयार होतो, करण्यासारखं काम माझ्यापाशी होतं, आणि मला रस्ता मिळत नव्हता. ह्यालाच म्हणतात सीपीयू रेडी. व्हर्च्युअल सीपीयूला काम आहे, तो तयार आहे, पण खरे आठही कोअर दुसऱ्याच्या गाडीखाली आहेत.

आणि आता गंमत पाहा. त्या सकाळी माझी स्कूटर किती चालली असं मीटरवरून विचाराल, तर दोन किलोमीटर. पाऊण तासात दोन किलोमीटर! हेडमास्तरांनी मीटर पाहून मेमो दिला असता तर मी त्यांना गेटवर आणून उभं केलं असतं. माझ्या काउंटरच्या ताईंना मात्र मी गेटवरून ओढून आणून विचारत होतो, की बाई, तुमची गाडी पासष्ट टक्के बंद का?

चाराचे आठ केल्यानं काय झालं तेही गेटवरच कळतं. एकट्या स्कूटरवाल्याला फटीतून निसटता येतं. पण वरात घेऊन निघालात तर? आमच्या धाकट्या मेव्हण्याच्या वरातीत ठरलं होतं, की पलीकडे मंडपाशी सगळ्यांनी एकदम पोचायचं. बँड गेटच्या पलीकडे, नवरदेव अलीकडे. बँडवाले पुढे जाऊ शकत नाहीत कारण नवरदेव मागे, आणि नवरदेव पुढे येऊ शकत नाही कारण गेट बंद. पलीकडे बँड रिकामा, भाडं चालू. अनेक व्हर्च्युअल सीपीयू असलेल्या यंत्राचं हेच होतं. त्यांनी फार मागेपुढे व्हायचं नसतं. एक पुढे निसटला की पाटकरी त्याला थोपवून धरतो, मागचे येईपर्यंत. या खोळंब्याला को-स्टॉप म्हणतात आणि त्याचाही वेगळा रकाना असतो. व्हीएमवेअरमध्ये पूर्वी नियम कडक होता, वरात सगळी एकदम सुटली पाहिजे. २००६ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो सैल झाला. सैल झाला, रद्द नाही झाला. आठ जणांची वरात चौघांच्या वरातीपेक्षा जास्त खोळंबणार, हे काय कंपनीनं सांगायला हवं?

आता हिशेब. इथं मात्र मी पुतण्याला पकडला, आणि त्याचं मला अजून समाधान आहे. त्या पोरानं सभेपुढे जायच्या घाईत दिवसभराच्या तक्त्यातला एक आकडा उचलला : शहाण्णव हजार मिलिसेकंद. त्याला वीस हजारांनी भागलं आणि म्हणाला, "काका, रेडी चारशेऐंशी टक्के!" मी म्हटलं, तू खाली बस आणि आधी सांग, टक्के कशाचे? झालं होतं असं, की ताज्या तक्त्यात प्रत्येक ठिपका वीस सेकंदांचा असतो, म्हणजे वीस हजार मिलिसेकंदांचा. दिवसाच्या तक्त्यात तोच ठिपका पाच मिनिटांचा होतो. आठवड्याच्या तक्त्यात अर्ध्या तासाचा, महिन्याच्या तक्त्यात दोन तासांचा आणि वर्षाच्या तक्त्यात अख्ख्या दिवसाचा. ठिपका दिसायला तेवढाच. शहाण्णव हजारांना पाच मिनिटांच्या तीन लाखांनी भागायचं. आले बत्तीस. आणि हे बत्तीस आठही सीपीयूंच्या प्रतीक्षेची बेरीज; आठांनी भागा. चार टक्के.

चार! आणि जाणकारांचा ठोकताळा असा, की एका व्हर्च्युअल सीपीयूमागे रेडी पाच टक्क्यांच्या वर गेलं की लक्ष घालावं आणि दहाच्या वर गेलं की रडारड सुरू होते. चार म्हणजे पास. फोनवर सल्लागार हसला. पुतण्याचं तोंड उतरलं. पण मी आता शहाणा झालो होतो. सरासरीनं मला एकदा चावलं होतं. मी म्हटलं, आठांची बेरीज नको, एकेकाचा आकडा वेगळा दाखव. गर्दीच्या वेळचा, वीस सेकंदांच्या तक्त्यातला. बेरीज होती सहा हजार चारशे मिलिसेकंद. त्यातले चार हजार एकट्या पहिल्या सीपीयूचे, ज्याच्या डोक्यावर सगळं व्याज होतं त्याचे. वीस हजारांत चार हजार म्हणजे वीस टक्के. बाकी सातजण मिळून चोवीसशे, कारण त्यांना जायचंच नव्हतं कुठे. गेटवर मजा बघायला आले होते.

म्हणजे दर पाच सेकंदांतला एक सेकंद तो बिचारा गेटवर उभा. आणि एका माणसाच्या व्याजासाठी त्याला गेट एकदा नव्हे, शेकडो वेळा ओलांडावं लागतं.

पण गेटवर एवढ्या गाड्या सोडत कोण होतं? बॅकअप. सल्लागारानं बॅकअपची वेळ पहाटे साडेपाचची लावली होती, मोठ्या विचारानं, की तेव्हा काउंटर बंद असतात. फक्त त्या सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालत होतं. ग्रिनिचला पहाटेचे साडेपाच होतात तेव्हा पिंप्राळ्यात सकाळचे अकरा वाजतात, आणि पहिल्या आठवड्यातल्या अकरा वाजता आमच्याकडे काय असतं ते तुम्हांला आता माहीत आहे. त्यात ऑडिटवाल्यांचं आठ सीपीयूंचं यंत्र त्याच वेळी रिपोर्ट काढत बसायचं. ते रिपोर्ट कोणी वाचत नसे. मीच वाचत नसे, आणि मी लेखापरीक्षण समितीवर होतो.

माझं म्हणणं एवढंच नाही की आमच्याकडे एक आकडा चुकीचा वाचला गेला. आकडे चुकीचे वाचायचा मोठा धंदा झाला आहे आणि तो नेहमी एकाच बाजूला चुकतो. यंत्र दमलेलं दिसलं तर अजून विकत घ्या. यंत्र रिकामं दिसलं तर माणसाला हाणा. दोन्हीकडून सल्लागार सुटतो. सर्व्हरवाला कधी तुम्हांला म्हणतो का, की साहेब, तुम्ही आधीच जास्त घेतलंय, त्यातले अर्धे परत करा? दर्जी तरी म्हणतो, कापड उरलं.

आठ कोअरचे पडद्यावर सोळा दाखवतात, त्याचीही तीच कथा. हायपरथ्रेडिंग म्हणतात, इंटेलनं २००२ साली ते आणलं. आईनं चुलीवर भात ठेवला की वैलावर वरण ठेवायची. वैल ही फार उपयोगी वस्तू, चुलीतली उरलेली धग वाया जात नाही. पण म्हणून कोणी 'आमच्या घरी दोन चुली आहेत' असं सांगून पंचवीस माणसांना जेवायला बोलवत नाही. आमच्या सल्लागारानं बोलावली. "सोळा आहेत सर, तीस म्हणजे दुप्पटसुद्धा नाही," हे त्याचं वाक्य इतिवृत्तात आहे.

आणि स्वतःचा सर्व्हर नको, क्लाउड घ्या, असं म्हणणाऱ्यांनी फार हसू नये. अॅमेझॉननं २०१६ च्या जूनमध्ये मुंबईत आपलं ठाणं उघडलं, तेव्हापासून आमच्या पुतण्याचे निम्मे मित्र तिथं यंत्रं भाड्यानं घेतात. त्यातलं टी-टू मायक्रो नावाचं एक स्वस्त यंत्र आहे. त्याला तासाला सहा क्रेडिट मिळतात आणि एका क्रेडिटमध्ये एक सीपीयू एक मिनिट पूर्ण जोरानं पळतो. तासात सहा मिनिटं, म्हणजे दहा टक्के. साठवलेली क्रेडिट संपली की त्याहून पुढे पाय टाकायचा नाही. हा करार उघड आहे, कंपनीनं लपवलेला नाही. पण बाहेरचा मीटर काय दाखवतो? दहा टक्के! भाडेकरू म्हणतो, वा, नव्वद टक्के शिल्लक. आणि तेवढ्यात यंत्राच्या आत लिनक्सची 'टॉप' ही आज्ञा देऊन पाहिलं, तर एस-टी नावाच्या रकान्यात नव्वदच्या आसपास आकडा. एस-टी म्हणजे आपली लाल डब्याची एस्टी नव्हे, जरी वाट पाहण्याशी दोघींचाही संबंध असला तरी. "काका, स्टील वाढलंय," असं पुतण्या पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी म्हटलं, भांड्यांचे भाव तर गेल्या दिवाळीपासूनच वाढलेत. हे स्टील म्हणजे चोरी. मला मिळायला हवा होता, मी मागितला होता आणि दुसऱ्याला गेला असा वेळ. हा शब्द मात्र ज्यानं ठेवला तो सरळ माणूस असला पाहिजे. चेअरमनसमोर मी आता 'रेडी' म्हणतच नाही, 'चोरी' म्हणतो. चोरी वीस टक्के म्हटल्याबरोबर ते खुर्चीत ताठ बसले.

त्या शनिवारी रात्री पुतण्यानं वाटणी पुन्हा केली. खातेवही आठाची चार, रिपोर्ट आठाचे दोन, बॅकअप दोन, मेल एक, एसएमएस एक, कॅमेरे दोन आणि चाचणीचं यंत्र बंद, कारण त्यावर चाचणी कोणी करतच नव्हतं. बेरीज बारा. बॅकअपची वेळ ग्रिनिचची नव्हे, पिंप्राळ्याची पहाट. एक पैशाची खरेदी नाही. सोमवारी अकरा वाजता मी मीटर पाहिला. खातेवहीचं यंत्र अडतीस टक्के! पस्तीसपेक्षा जास्त! आणि चाक फिरत नव्हतं. त्या पहिल्या सीपीयूचं रेडी दोनाच्या आत. चेअरमन मात्र काळजीत. "मास्तर, लोड वाढून गेला ना?" मी त्यांना खिडकीशी नेलं आणि लाईन दाखवली. सात माणसं होती, सावलीत. त्यांना आकड्यापेक्षा ती पटली, आणि त्या बाबतीत कापसाचा व्यापारी गणिताच्या मास्तरापेक्षा शहाणा निघाला, हे मी इथं कबूल करतो. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी लाईनच मोजायला हवी होती : कोण किती वेळ उभं आहे, कशासाठी उभं आहे. आम्ही मोजलं कोण किती पळतंय.

मेमोचं काय झालं? पुढच्या सभेत मी तो मागे घ्यायचा ठराव मांडला. सचिव म्हणाले, मागे घेतला असं लिहिता येत नाही, वरून विचारणा होते. 'दप्तरी दाखल' असं लिहू. मी हट्ट धरला. दीड तास वाद झाला, दोनदा चहा झाला, आणि शेवटी इतिवृत्तात वाक्य आलं, की 'यंत्रातील वेळेच्या फरकामुळे झालेल्या विलंबाशी संबंधित कर्मचाऱ्याचा संबंध नसल्याचे निदर्शनास आल्याने सदर ज्ञापन रद्द समजण्यात यावे.' एवढं मराठी मी आयुष्यात कधी एकदम मिळवलं नव्हतं. सल्लागाराचं बिल मात्र मंजूर झालं. त्यात 'सीपीयू वाढवणे' हे कलम होतं. 'कमी करणे' हे कलम नव्हतं, त्यामुळे पुतण्याला काही मिळालं नाही.

पण कागद रद्द झाला म्हणजे सही रद्द होत नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दोन नंबरच्या लाईनीत उभा राहिलो. संचालकानं आत जाऊन बसायचं असतं. मी उभा राहिलो. माझी पाळी आली. काय बोलायचं ते मी घरून पाठ करून आलो होतो. शेकडेवारी, सरासरी, गेट, सगळं. "ताई," मी म्हणालो, "त्या मेमोबद्दल मला जरा..."

त्यांनी मान वर केली नाही. माझं नाव टाकलं, छापलेली पावती फाडली, नोटा दोनदा मोजल्या आणि जाळीखालून सरकवल्या.

"सर, इथं सही करा," त्या म्हणाल्या. "आणि जरा बाजूला व्हा, मागे लाईन आहे."